डोळे मिटून ऐकणाऱ्या भोयर मॅडम

भोयर मॅडमच्या केबिनमध्ये कोणी स्पेशलायझेशन सांगायला गेलं, की त्या आधी चष्मा काढायच्या आणि मग चक्क डोळे मिटून घ्यायच्या. नवीन पोरांना वाटायचं, दुपारची वेळ, मॅडमना डुलकी लागली. तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच आवाज यायचा, "हं, बोल. काहून घेऊन राह्यला फायनान्स?" पोरगं घडाघडा सुरू व्हायचं. स्कोप आहे, पॅकेज चांगलं आहे, पुढची चिंता नाही. मॅडम म्हणायच्या, "हे त तुह्ये मामा बोलून राह्यले. बँकेत हायेत न मामा?" आणि मामा खरंच बँकेत असायचे! "जाय. तुह्या आवाजात सांगता येईन, तवा ये."

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात एमबीएचं पहिलं वर्ष संपता संपता चारातलं एक निवडावं लागायचं: फायनान्स, मार्केटिंग, एचआर किंवा ऑपरेशन्स. त्यातलं ऑपरेशन्स फक्त माहितीपत्रकात होतं. ते कोणी घेत नसे, म्हणून चालत नसे. चालत नसे, म्हणून कोणी घेत नसे. मॅडम स्वतः मार्केटिंग शिकवायच्या, आणि तेही ठेठ वऱ्हाडीत. बाहेरून आलेले पाहुणे प्राध्यापक ऐकून चपापायचे. मॅडमना त्याचं काय! "इंग्रजीत पाठ होते, वराडीत समजते," असं म्हणून त्या पुढच्या मुद्द्याकडे वळायच्या.

मी मारेगावची. बाबा शाळेत मास्तर, आणि घरातही मास्तरच. पोरीनं एचआर घ्यावं, पंख्याखाली बसून सन्मानानं काम करावं, हे त्यांनी ठरवलेलं होतं. मीही तेच तोंडपाठ करून मॅडमपुढे उभी राहिले. दोन वाक्यं झाली नाहीत तोच त्या म्हणाल्या, "हे मास्तर बोलून राह्यले. तू कुठी हायस?"

मला रडूच आलं. म्हटलं, "मॅडम, मला माहीत नाही."

त्यांनी डोळे उघडले. "बाप्पा, हे पहिलं तुह्यं सोताचं वाक्य. आता सापडशीन तू."

त्याच एप्रिलात जयंतीला मी त्यांना मारेगावला बोलावलं. मिरवणुकीनंतर आमच्या बुद्धविहारासमोर अख्ख्या वस्तीचं जेवण असतं, आणि दरवर्षी तिथे ही रेटारेटी! मठ्ठ्याच्या पिंपाशी लोक थबकायचे, मागची रांग उन्हात तापायची, म्हाताऱ्या बायांच्या पानात भात यायचा तोवर भाजी संपलेली असायची. त्या वर्षी मी कार्यकर्त्यांशी भांडून मांडणी बदलली होती. मठ्ठा नेऊन पार पलीकडे चिंचेखाली ठेवला, म्हाताऱ्यांना आधी सावलीत बसवून जागेवर वाढलं, बाकीच्यांच्या दोन रांगा केल्या. मधेच वरण संपत आलं, तेव्हा ओरडत धावले आणि रांग थांबायच्या आत दुसरं पातेलं आणवलं. घामानं चिंब झाले होते, पण काय मजा येत होती! मॅडम ताट हातात धरून, न जेवता, माझ्याकडे बघत उभ्या होत्या. डोळे टक्क उघडे.

"याले ऑपरेशन्स म्हनते, पोरी," त्या म्हणाल्या. "आन् हा आवाज तुहा हाय."

मला हेच करायचं होतं, आणि आता ते मला माहीत होतं.

पण बाबा? मॅडम तशाच आमच्या घरी आल्या. बाबांनी आदरानं खुर्ची दिली, चहा दिला आणि ऑपरेशन्सचं नाव निघताच सुरुवात केली. कारखान्यात पोरीचं काय काम, चार लोक काय म्हणतील, उद्या लग्नाचं कसं होईल. मॅडमनी डोळे मिटले. आई दारात, मी भिंतीला टेकून.

"मास्तर, हा तुमचा आवाज नाही," मॅडम म्हणाल्या. "हा लोकायचा हाय."

बाबांना असं बोलायची कोणाची छाती नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "मले भेव वाटते, मॅडम. परक्या गावात एकटी राहीन ते."

मॅडमनी डोळे उघडले. "आता बोलले तुम्ही. भेवाचं काहीतरी करता येते, मास्तर. लोकायचं काई करता येत नाही."

बाबा हसले. त्या हसण्यातच माझं ठरलं.

कॉलेजात संचालक म्हणाले, एका मुलीसाठी विषय कसा चालवायचा? मॅडम म्हणाल्या, "चालवू नका. मी शिकवतो." वऱ्हाडी बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दलही 'शिकवतो'च म्हणायच्या. स्वतः मार्केटिंगच्या बाई, रोज सकाळी आधी स्वतः शिकायच्या आणि मग मला शिकवायच्या. कापसाच्या हंगामात आम्ही दोघी जिनिंगच्या कारखान्यात जायचो आणि केसांत सरकी-कापूस घेऊन परत यायचो. एखादं गणित अडलं की त्या सरळ कबूल करायच्या, "हे मलेबी नाही आलं. उद्या पाहू." आणि दुसऱ्या दिवशी ते त्यांना आलेलं असायचं.

आज मी एका सूतगिरणीचं उत्पादन सांभाळते. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "गिरनी माही पोरगी चालवते." मला संकोच होतो, पण मी त्यांना थांबवत नाही. ऑपरेशन्सचा वर्ग आता भरलेला असतो.

परवा मॅडमचा निरोपसमारंभ झाला. जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते. शेवटी मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आता आराम करीन, पुण्याला मुलाकडे राहीन, या वयात अजून काय पाहिजे.

मी पहिल्या रांगेत होते. मी चष्मा काढला आणि डोळे मिटले.

शेजारी कोणीतरी खुदकन हसलं. मग पाठीमागे खुसफुस झाली, आणि सभागृह हळूहळू चिडीचूप झालं. सगळ्यांनी डोळे मिटले असणार. मॅडमही थांबल्या. माइकमधून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"लेकाचा आवाज हाय न हा?" त्या म्हणाल्या. हसू होतं की रडू, कळेना.

आम्ही डोळे उघडले नाहीत.

"मले इथंच राहाचं हाय," मॅडम म्हणाल्या. "मले अजून शिकवाचं हाय."

तेव्हा उघडले.