कुलूप सगळ्यांना, किल्ली एकीला

पौष, १९७८. कामशेतचं महिला केंद्र. हजर: केंद्राचं दप्तर सांभाळणारी मी, दाई सोनामावशी, दूधवाला बबन. गैरहजर: ग्रामसेविका विमलताई. त्यांना जाऊन आठवडा झाला होता. टेबलावर बबनने आणलेली पत्र्याची छोटी पेटी, कुलूप लागलेली.

विमलताई मूळच्या कान्हे गावच्या. सासरी मार खाऊन माहेरी आल्या, मग शिकून नोकरीला लागल्या. "मला तोंड व्हतं, पर ऐकनारं मानूस कुटं व्हतं?" स्वतःबद्दल त्या एवढंच बोलत.

मावळातल्या सासरी गांजलेल्या बायकांना त्यांनी औषधाची म्हणून एकेक पेटी दिली. सोबत एक उघडं कुलूप, नुसतं दाबलं की बंद होणारं. बंद कुणीही करावं. सगळी कुलपं उघडणारी किल्ली एकच, ताईंच्या गळ्यात. बाईने निरोपाची वस्तू आत टाकायची, कुलूप दाबायचं आणि दूध घालायच्या गर्दीत पेटी बबनच्या सायकलपाशी ठेवायची. लिहिता कुणालाच येत नव्हतं, म्हणून वस्तू ठरवलेल्या. बांगडीचा तुकडा म्हणजे मार. कोळसा म्हणजे जिवावर बेतलंय, या.

बबन छेडायचा, "ताई, सोनं हाय का आत?"

"उघडून बघ की."

"किल्ली द्या मग."

"किल्ली दिली तर उद्या तुझी बायको इचारंल, आत काय व्हतं. न्हाई दिली म्हून तर सुकानं झोपतुयास."

पेटी कुणी ठेवली ते बघायचं नाही, ही त्याला घातलेली दुसरी अट.

मला यादी हवी असे. "कुणाकुणाला दिली, लिहून ठेवू का?"

"सुमन, कागद सापडतो गं. माझं डोस्कं कुनाला सापडतंय?"

पण कुलूप कुणीही दाबू शकतं, यातला धोकाही होताच. पेटी कुणाची ते शोधत ताई आधी पेट्या दिलेल्या सगळ्या घरी फिरत; एका सासूनेच सुनेच्या पेटीत कोळसा टाकून त्यांना असं रानोमाळ फिरवलं. तेव्हापासून प्रत्येकीने निरोपासोबत स्वतःची एक खूण टाकायची असं ठरलं. कुणाची खूण कोणती, हे ती बाई आणि ताई, दोघींनाच ठाऊक.

मग कावीळ झाली आणि ताई गेल्या. किल्ली त्यांच्या भावाने आणून दिली होती, त्यामुळे पेटी उघडायला अडचण आली नाही. आत कोळसा होता आणि घेवड्याचं एक बी.

"बी कुनाचं?" सोनामावशीने ते तळहातावर घेतलं.

मी बबनकडे पाहिलं. "ताईनी सांगितलेलं, बघू नगं," तो म्हणाला. "म्या मान वळवून हुबा व्हतो." आणि तसाच मान वळवून रडला.

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माझ्या दिराला हे सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, परदेशात यंत्रांचे गुप्त निरोप हल्ली असेच बांधायला लागलेत. बंद करायची रीत जाहीर, उघडायची एकाकडेच. पण पाठवणारा कोण, हे वेगळं पटवावं लागतं." ते ताईंना कळलं होतं. खूण ओळखणारं माणूसच गेलं तर काय, हे मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

उघड विचारावं तर घरात कळेल, आणि मग तिचं काही खरं नाही. म्हणून बाळांची वजनं करायच्या निमित्ताने आम्ही घरोघर जातो. परडीत वर घेवडा ठेवतो, कुणाची नजर अडकते का बघतो. सासवा शेजारीच बसलेल्या असतात.

वडिवळ्याच्या वरच्या वाड्या अजून राहिल्या आहेत.