विहारातली चपराक

चोपड्याच्या विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग घेणारा स्वप्नील शिरसाठ मोठा शांत माणूस, असं सगळी वस्ती सांगायची. त्यालाही ते ऐकायला आवडायचं, उगाच कशाला लपवा? आठवडाभर केळीचे घड वाहायचे आणि रविवारी पांढरा सदरा घालून पोरांना क्षांती शिकवायची. क्षांती म्हणजे राग आला तरी हात आवरणं. पण नुसतं सांगून पोरं ऐकतात थोडीच! म्हणून त्यानं एक महाबली रचला. गळ्याशी बांधलेला कपडा फडकवत उडणारा, डोंगर उचलणारा, पण मांजराचं पिल्लू अलगद धरणारा. "ज्याच्यात चिरडायची ताकद आहे आणि तरी जो चिरडत नाही, तोच खरा," असं तो म्हणाला की पोरं डोळे मोठे करून बघत राहायची.

आश्विन पौर्णिमेला भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, वर्षावास, संपला. त्या सकाळी केळीच्या पॅकिंगवर ठेकेदारानं, फण्या डागाळल्या म्हणून, स्वप्नीलला सगळ्यांदेखत आईवरून शिवी हासडली. त्यानं ब्रसुद्धा काढला नाही. संध्याकाळी विहारात हाच किस्सा त्यानं पोरांना छाती फुगवून सांगितला. दाराशी खीरदानाचं पातेलं निवत ठेवलं होतं. घराघरातून दूध आणून बायांनी दुपारभर ढवळलेली खीर होती ती.

महाबलीची गोष्ट ऐकून आठ वर्षांच्या मोहिनीलाही उडावंसं वाटलं. आईची पांढरी ओढणी गळ्याशी बांधून तिनं ओट्यावरून उडी घेतली. ओढणीचं टोक पातेल्याच्या कडीत अडकलं आणि सगळी खीर फरशीवर गेली.

स्वप्नीलनं तिच्या कानाखाली सणकन वाजवली. बुद्धमूर्तीच्या समोर. मोहिनी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

 म्हातारे नथ्थू आबा तेवढे म्हणाले, "हाई काय करं रे भाऊ तू? धाकली पोर शे ती."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं स्वप्नीलला झालं. मान खाली घालून तो घरी निघाला आणि वाटेत त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठेकेदारापुढं तो गप्प बसला, त्यात कसली आली क्षांती? ती भीती होती. हात उचलला असता तर काम गेलं असतं. त्याचा जोर चालत होता तो फक्त या पोरांपुढं, आणि नेमका तिथंच त्याला हात आवरला नाही. वर ती भीती तो वर्गात मोठेपणा म्हणून शिकवत होता!

पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांसमोर मोहिनीची माफी मागितली. "बेटा, चुकलो मी. तुझा काही दोष नव्हता."

"असू द्या, दादा," ती म्हणाली आणि हसलीसुद्धा. स्वप्नीलला जरा हलकं वाटलं. मेणबत्ती लावायला त्यानं हात वर केला.

मोहिनीनं झटकन तोंड झाकलं. तिच्या शेजारी बसलेल्या, कधीही त्याचा मार न खाल्लेल्या दोघींनीही.