शालूबाई आणि बाजाराचा वार

लोणारचं सरोवर बुलढाण्याच्या दवाखान्यात आलं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. हिरवं पाणी, कडेनं बाभळीचं रान, आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी एक मोर. पाणी हळूहळू चढत होतं, गादी तरंगत होती. लहानपणी आमच्या अंगाला बसून राहायचा तोच खारट वास. पलीकडच्या काठावर माझी बायको शारदा वाटाणे सोलत बसली होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. रागावली असेल. मी तरी कुठं कमी भांडलो तिच्याशी!

मी तिला हाक मारणार, तेवढ्यात पाण्याच्या वरून आवाज यायचा.

"वैजनाथकाका! आज शनिवार हाय. हा बुलढाण्याचा दवाखाना हाय. तुमचा खुबा मोडला व्हता, आता जोडला. घ्या, चष्मा लावा."

चष्मा नाकावर बसला की सरोवर गायब. मोराच्या जागी सलाइनचा स्टँड. शारदाच्या जागी खिडकी. मला असा संताप यायचा म्हणून सांगू! "काऊन उठवतं बे मले?" असं मी ओरडलो होतो म्हणे. बाईमाणसाला 'बे' म्हणालो, तेही कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. यावरून समजा माझं काय झालं होतं ते.

त्या आवाजाचं नाव शालूबाई. आमच्या वॉर्डातली मावशी. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटकुळी, चालताना डाव्या चपलेचा चर्रर्र आवाज. माहेर घाटाखालचं, संग्रामपूरकडचं. नवरा प्रेमानंद बसस्टँडवर पेरू विकतो. शाळा चौथीपर्यंत. झाडणं, पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं ही तिची कामं, आणि गेल्या काही महिन्यांपासून आणखी एक काम. दिवसातून तीनदा प्रत्येक म्हाताऱ्याला नावानं हाक मारायची, वार सांगायचा, जागा सांगायची, काय झालं ते सांगायचं. चष्मा लावायचा, कानातलं मशीन बसवायचं, पडदा सारून उजेड आत घ्यायचा.

हे काम लावलं डॉक्टर गार्गी यांनी. पुण्याची मुलगी, तीस-बत्तीसची, चालताना नेहमी घाईत. मी ताळ्यावर आल्यावर त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. म्हातारपणी खुब्याचं ऑपरेशन झालं की बऱ्याच जणांचं भान काही दिवस हरपतं. कुणाला साप दिसतात, कुणाला मेलेली माणसं. असा माणूस अंथरुणातच राहतो, आणि राहिला की पुढं चालणं अवघड होतं. तर साध्या बोलण्यानं, उजेडानं, चष्म्यानं हे टळतं का, याचा त्या अभ्यास करत होत्या. पहिले तीन महिने नुसतं टिपलं. पुढचे तीन महिने शालूबाई बोलणार. मग दोन्ही ताडून बघायचं.

"म्हणजे माझं सरोवर तुमच्या वहीत गेलं का?" मी विचारलं.

"गेलं ना काका. मोरासकट," त्या म्हणाल्या.

रोज दुपारी चारला त्या स्वतः एक कागद घेऊन यायच्या आणि ठरलेले प्रश्न विचारायच्या. तुम्ही कुठं आहात? आज वार कोणता? वर्ष कोणतं? डिसेंबरपासून महिने उलटे म्हणा. त्या वेळी शालूबाईंनी वॉर्डाबाहेर थांबायचं, नाहीतर उत्तरं खुणावतील, असा नियम. सोमवारपर्यंत मी सगळी उत्तरं बरोबर द्यायला लागलो. शहाणा ठरलो. खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं. बरोबर उत्तर देणाऱ्याला सरोवर दिसत नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर पुंजाजी होते. संग्रामपूरकडचे शेतकरी, वय ऐंशीच्या आसपास, हात म्हणजे नुसती मुळं. कानानं कमी. शनिवारी ऑपरेशन झालं, रविवारी माझ्या शेजारी आले. आल्या आल्या त्यांनी सलाइन ओढलं आणि उठून बसायला निघाले, म्हणून दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले. मुलगा भागवत पायथ्याशी स्टुलावर बसून असायचा, घासून पांढरी झालेली बापाची टोपी मांडीवर घेऊन.

सोमवारी डॉक्टरांनी पुंजाजींना विचारलं, "कुठं आहात तुम्ही?"

"घाटावर."

आता आमचा जिल्हा दोन मजली आहे. बुलढाणा घाटावर, संग्रामपूर घाटाखाली. खालच्या माणसाला वर आणलं की तो घाटावर आला, संपलं. दवाखान्याचं नाव त्याच्या गावीही नसतं. पण कागदावर लिहिलेलं उत्तर होतं दवाखाना. शून्य.

"आज वार कोणता?"

"बाजाराले तीन दिवस हाय."

शून्य. महिने उलटे म्हणा म्हटलं तर, "ते इंग्रजी मले येत नाई," म्हणून मान फिरवली. वर्ष विचारलं तर, "नातीच्या लग्नाचं." शून्य, शून्य.

मी चादरीत तोंड घालून हसलो. माणूस कसा असतो बघा. दोन दिवसांपूर्वी माझ्या पायथ्याशी मोर नाचत होता, आणि मी दुसऱ्याला हसत होतो! आम्ही घाटावरचे शिकलेले ना. मंगळवारी डॉक्टरांनी मला विचारलं, "काका, हे दिवसभर कसे असतात?" मी कोर्टात साक्ष द्यावी तसं सांगितलं, "बरळतात. दुपारी बारा वाजले की 'लाइन आली काय, लाइन आली काय' सुरू." डॉक्टरांनी तेही टिपून घेतलं.

बुधवारी त्यांनी भागवतला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या खाटेपाशीच, वॉर्डात दुसरी जागा कुठली? म्हणाल्या, "भान नसलेल्या माणसाला उभं करता येत नाही. पडले तर दुसरा खुबा मोडेल. पण आणखी दोन-तीन दिवस असेच पडून राहिले तर छातीत कफ धरेल. मग चालण्याची आशा कमी."

भागवत टोपीकडं बघत म्हणाला, "बाप माह्या वावरात चालता चालता गेला तरी चालीन मॅडम. पन असा बांधून नाई." आणि टोपीत तोंड लपवून रडायला लागला. चाळीशीचा गडी. मी भिंतीकडं तोंड केलं.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर शालूबाई माझी चादर बदलत होत्या. मला गप्पा मारायची हुक्की आली. बाहेर ऊन पिवळं झालेलं, पंखा संथ फिरत होता, आणि डोळे मिटले की पापण्यांच्या कडेला अजून थोडं हिरवं पाणी यायचं. मी पुंजाजींची नक्कल करून दाखवली. तसाच आवाज, तशीच मान. "सोमवारी म्हणे, बाजाराले तीन दिवस हाय! मंगळवारी म्हणे, दोन! काल म्हणे, उद्या बाजार! अहो, हा माणूस खाटेवर पडून बाजाराला निघालाय!"

शालूबाई हसल्या नाहीत. उशी हातातच राहिली.

"सोमवारी किती म्हने?"

"तीन."

"मंगयवारी?"

"दोन. सांगितलं ना."

"काका," त्या म्हणाल्या, "त्याइच्या तिकडचा बाजार गुरुवारी भरते. माह्यं माहेर तठीच हाय. आज गुरुवार हाय."

माझा चेहरा पडला. कुठं जाऊ असं झालं. माणूस रोज एकेक दिवस बरोबर कमी करत होता, कॅलेंडर न बघता, हात बांधलेले असताना. आणि मी दात काढत होतो.

शालूबाईंनी उशी माझ्या पोटावर टाकली आणि तरातरा वॉर्डाच्या टोकाला गेल्या. तिथं डॉक्टर गार्गींचं टेबल. बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, तुम्हाला यांची उत्तरं कोणी सांगितली?" डॉक्टरांचा आवाज चढला. "तुम्ही ऐकायची नाहीत, हा नियम आहे."

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. "मी सांगितली. आणि साक्षही मीच खोटी दिली."

"हे प्रश्न किती दवाखान्यांत वापरलेत माहीत आहे? मधेच बदलता येत नाहीत. बदलले तर सगळा अभ्यास वाया जाईल. तुम्हाला माझी सहा महिन्यांची मेहनत..." डॉक्टरांनी पेन टेबलावर टाकलं. खूप दमलेल्या दिसल्या.

शालूबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. कंत्राटी नोकरी, वरच्याला चीड आली तर उद्या घरी. पण हलल्या नाहीत. "कागद नका बदलू मॅडम. कागदावर शून्य हाय त राहू द्या. पन त्या मानसाचे हात काऊन बांधून ठेवून राह्यले? एक खेप माह्या शब्दात इचारून पाहा. चुकला त मले काढून टाका."

डॉक्टरांनी खुर्ची मागं सरकवली.

शालूबाईंनी पुंजाजींच्या कानात मशीन बसवलं, चष्मा पुसून लावला. डॉक्टर वाकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "पुंजाजी, बाजाराला किती दिवस?"

"आजच त हाय!" पुंजाजी भडकले. "अन् ह्यो भागवत अठी बसून राह्यला. वांगे कोन नेईन?"

"महिने म्हणा. तुमचे. शेवटून."

"फागून, माह, पूस, मार्गेसर, कार्तिक..." पुंजाजी डोळे मिटून म्हणत गेले, उतारावर बैलगाडी सोडावी तसे, आणि चैतावर येऊन थांबले. एकही चुकला नाही.

"आणि लाइन आली का, हे कोणाला विचारता?"

उत्तर भागवतनं दिलं. "मॅडम, या हप्त्यात आमच्याकडे वावरातली लाइट बारा वाजता येते. हरभऱ्याले पानी द्याचं हाय. बाबा तेच इचारते. मले वाटलं तुमाले माहीत असन."

डॉक्टर गार्गींनी कागद पुढं ओढला. त्यावरची शून्यं त्यांनी खोडली नाहीत. खोडली तर अभ्यास खोटा होतो, म्हणाल्या. पण खाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं, आणि आपल्या सरांना आजच पत्र लिहिणार म्हणाल्या, की इथल्या माणसाला इथल्या वारानं विचारलं पाहिजे. मग स्वतःच पट्टीची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना. शालूबाईंनी पुढं होऊन दातांनी सोडवली.

तासाभरात पुंजाजी उभे राहिले. वॉकरला धरून, पाय थरथरत, भागवत मागं. एक पाऊल, दुसरं, तिसरं. खिडकीपर्यंत गेले. कलतं ऊन त्यांच्या मनगटावरच्या लाल वळांवर पडलं होतं. बाहेर बघत म्हणाले, "अठून आमचं खालचं दिसत नाई का?"

सगळा वॉर्ड हसला. मी मात्र रडलो, लाज कसली त्यात? "पुंजाजी, मी तुमाले हासलो," मी मोठ्यानं सांगितलं. "चुकलं माह्यं."

"हासा ना," ते म्हणाले. "अठी दुसरा काय धंदा हाय?"

या सगळ्यात शालूबाई कुठं दिसेनात. दिवेलागणीला तिसऱ्या फेरीला आल्या, तेव्हा डोळे सुजलेले. माझा चष्मा लावायलाही विसरल्या. स्टुलावर बसल्या आणि गाठ सोडलेली पट्टी बोटाला गुंडाळत बोलायला लागल्या.

तीन वर्षांपूर्वी त्यांची आई गोजरबाई आजारी पडली. दुसऱ्या एका दवाखान्यात होती. ताप, सलाइन. शालूबाई पाच दिवस उशाशी बसून. शेवटी आई सारखी म्हणायला लागली, शालू, पिशवी आन, आज बाजार हाय. नर्स म्हणाली, म्हातारी बरळते, सुई ओढेल, हात बांधा.

"म्याच बांधले काका. माह्या लुगड्याचा काठ फाडून. माय म्हने, सोड वं बाई, बाजार उठून जाईन. मी म्हनलं, गप बस. तिच्यासंग ह्ये शेवटचं बोलली मी. सकायी गेली." त्यांनी पट्टीचा आणखी एक वेढा घेतला. "तेराव्याच्या दिवशी कॅलेंडर पाह्यलं. दिवस मोजले. म्या हात बांधले तो गुरुवार व्हता. पाच दिवस जागून जागून मलेच वार माहीत नव्हता. तिले माहीत व्हता."

सांत्वन मला कधीच जमलं नाही, शारदाला विचारा. खिडकीबाहेर पाणी पुन्हा दिसायला लागलं होतं, हिरवं, शांत, आणि मला वाटलं पलीकडच्या काठावर शारदाच्या शेजारी आणखी एक म्हातारी बसली आहे, मांडीवर पिशवी घेऊन. मी डोळे चोळले नाहीत. हात लांब करून शालूबाईंचा हात धरला, आणि त्याच रोज आम्हाला सांगतात तसं त्यांना सांगितलं.

"शालूबाई. आज गुरुवार हाय. हा बुलढाण्याचा दवाखाना हाय. तुमच्या मायचे हात सुटले."

त्या बराच वेळ रडल्या. मग पदरानं तोंड पुसलं, माझा चष्मा माझ्या नाकावर चढवला, आणि चपलेचा चर्रर्र आवाज करत पुंजाजींच्या खाटेकडं वळल्या.