नामदेवच्या खांद्यावरचा हात

इकडे ये मंजू, अशी जवळ बस. आणि ती कात्री आधी खाली ठेव. फोटो अल्बममध्ये बसत नाही म्हणून त्यातून दुर्गाकाकूला कापून टाकतेस? बसत नाही, की तुमचं तिच्याशी बोलणं नाही? मला नको शिकवू. फोटोतून माणसं काढायचा माझा धंदाच होता. पण कात्रीनं कधी नाही काढली. का, ते ऐक. मग काय कापायचं ते काप.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, मोठा साहेब नागपूरला बसायचा. अमरावतीत बाजाराच्या वाटेवर माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. मामा पुढं फोटो काढायचे, मी मागच्या खोलीत खिडकीशी बसून रिटचिंग करायची. शाळा चौथीपर्यंतच झालेली. हे काम बघून बघून शिकले. निगेटिव्ह म्हणजे काचेच्या प्लेटवरचं उलटं चित्र. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. त्यावर बारीक पेन्सिल फिरवली की कागदावरच्या चेहऱ्याचे देवीचे व्रण जातात. आणि एखादा माणूसच नको असला तर त्याच्यावर लाल रंग लावायचा. ओपेक म्हणत त्याला. त्यातून उजेड जात नाही, म्हणून छापताना तिथं नुसतं पांढरं उरतं. गेला माणूस!

भागीरथीबाई त्या खिडकीतूनच डोकावली. दर्यापूर रस्त्यावरच्या खेड्यातली माळीण, बाजाराच्या दिवशी वांगी अन् सांभार, तुम्ही कोथिंबीर म्हणता तो, घेऊन यायची. कमरेच्या पिशवीतून तिनं घडी घातलेला फोटो काढला.

"पोरी, यातला माहा नामदेव मोठा करून दे."

फोटो गस्तीच्या जहाजाचा होता. गस्तीचं म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून पहारा करायचं. चित्रात असतं तसलं मोठं लढाऊ जहाज नव्हे. साधं, कोळशावर चालणारं, पुढं एक तोफ बसवलेली. डेकवर सगळी मंडळी ओळीनं उभी, पांढऱ्या कपड्यांत. स्वयंपाक्याच्या हातात तर डाव तसाच! मागं कठड्याला एक गोल कडं टांगलेलं, पाण्यात पडलेल्याला फेकून द्यायचं. त्यावर जहाजाचं नाव असतं. ते सेन्सॉरवाल्यांनी खरवडून टाकलं होतं, शत्रूला कळू नये म्हणून. खरवडणाऱ्याचा हात अगदी गचाळ. मला रागच आला.

नामदेव मागच्या ओळीत होता. बॉयलरला कोळसा घालायचं त्याचं काम. अकोल्याला भरती झाला तेव्हा तिथला हवालदार म्हणाला होता म्हणे, दर्यापूरकडचा गडी, दर्याले काय भेतो! त्या पोरानं तोवर पूर्णेच्या पुराहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं.

मामांनी फोटोवरून प्लेट घेतली. मी आजूबाजूच्या सगळ्यांवर लाल रंग चढवला. नामदेव एकटा उरला. पण त्याच्या डाव्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता. माणूस लाल रंगाखाली गेला, हात खांद्यावरच राहिला.

मामा म्हणाले, "सुमे, तो हात पेन्सिलीनं भरून टाक. सदऱ्यात मिसळून जाईल."

भागीरथीबाई खिडकीशीच उभी होती. "काहून जी? राहू द्या."

"अवो बाई, माणूस नाही अन् नुसता हात! भुताटकी वाटते. लोक हसतील."

"हसू द्या. तिथं माह्या पोराले कोन हाये? कोनाचा तरी एक हात हाये, तर थो बी पुसून राहिले तुमी!"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ठेव," मला म्हणाले. "गिऱ्हाईकाची मर्जी."

फोटो घेऊन ती गेली. पुढच्या बाजारी पुन्हा हजर, सांभाराची जुडी खिडकीत ठेवून.

"पोरी, अजून मोठा नाही होत काय?"

आम्ही मोठा करून दिला. तरी पुढच्या खेपेला तेच. शेवटी मी समजावलं, "काकू, प्लेटवर दाणे असतात. फार मोठं केलं की दाणेच दिसतात, चेहरा हरवते."

"कसे दाणे?"

"ज्वारीसारखे."

"मंग दिसू दे. दान्यातून बी वळखीन मी त्याले."

फोटो मोठा केला म्हणून माणूस जवळ येत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ती विचारायची.

लढाईत काच मिळेना, म्हणून मामा जुन्या प्लेटी सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन तीच काच फ्रेमला वापरायचे. या प्लेटची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मामा, ही मले द्या."

"तुहं कोन लागते त्या जहाजावर?"

कोणी नाही. पण त्या माणसांच्या डोक्यावर समुद्राची एक पट्टी होती. छापताना ती चौकटीबाहेरच राहायची, म्हणून तिला रंग लावलाच नव्हता. मला समुद्र पाहायचा होता गं. मामांनी दिली. दुपारी काम नसलं की मी ती प्लेट खिडकीशी उन्हात धरायची. उन्हानं चमकणारं पाणी, काचेवर मात्र काळंभोर, नांगरून ठेवलेल्या आपल्या रानासारखं. उलटा तर उलटा. त्याच्याकडं बघत बसलं की वाटायचं, आपणही कुठंतरी निघालोय.

मग लढाई संपली. भरती झालेली पोरं गावोगाव परत येऊ लागली. नामदेव येईना. भागीरथीबाई बाजारात यायची, पण खिडकीशी यायचं तिनं सोडलं. टोपली घेऊन समोरून खाली मान घालून जायची. मीही हाक मारायला धजत नव्हते.

आणि एक दिवस दोघं दारात! ती आणि मागं उंच, वाळलेला नामदेव. तिच्या डोक्यावरची टोपली त्यानं आपल्या डोक्यावर घेतलेली.

"ताई," तो मला म्हणाला, "घरी फोटो पाह्यला. तुमी हात काहून नाही पुसला?"

"तुमच्या आईनं नाही पुसू दिला."

तो हसला. "माय समजते, कोनी लाडानं ठेवला. अवो, मी पडत होतो! जहाजावर नवाच होतो. बोट हाले, पोटात ढवळे, पाय जागेवर ठरेना. गंगारामनं मांगून धरलं मले. म्हणे, फोटो निघेपर्यंत उभा राह्य, मंग ओक."

"मंग मी काय म्हटलं होतं?" भागीरथीबाई म्हणाली. "हात पाह्यजेच होता ना!"

आम्ही सगळे हसलो. मग नामदेवनं गंगारामचं सांगितलं.

गंगाराम मालवणकडचा. जहाजावर त्यानंच याला चालायला शिकवलं, वाऱ्याची दिशा ओळखायला शिकवलं. पुढं एका वादळात तो डेकवरचं सुटलेलं सामान बांधायला गेला, आणि नंतर डेकवर नव्हताच. पडताना कोणी पाहिलं नाही. फेकायला कडं होतं, पण फेकायचं कुठं?

"त्याची माय एकटी हाये," नामदेव म्हणाला. "त्याचा एकबी फोटो नाही तिच्यापाशी. आमचा मूळचा फोटो तर घड्या पडून पडून फाटला, त्याचं तोंडच गेलं त्यातून. ताई, तुमच्यापाशी काही हाये काय?"

मामा हळूच म्हणाले, "प्लेटी आम्ही धुतो, बाबा."

मी उठले. पेटीतून साडीत गुंडाळलेली प्लेट काढली. ती मला दिल्याचं मामा विसरूनच गेले होते.

ओपेक पाण्यानं निघतं, मंजू. कापसाचा बोळा ओला केला आणि हळूहळू पुसत गेले. आधी स्वयंपाक्याचा डाव वर आला. मग एकेक टोपी, एकेक खांदा. आणि मग नामदेवच्या बाजूला, हाताच्या दुसऱ्या टोकाला, गंगाराम. ओठ दाबून हसू आवरत होता. नामदेवनं प्लेट धरली नाही. नुसता वाकून बघत राहिला.

मग या खेपेला मी बाकी सगळ्यांवर रंग चढवला, नामदेववरसुद्धा. आता गंगाराम एकटा, आणि त्याचा हात बाजूला कुठंतरी गेलेला. मामा काही बोलायच्या आधीच नामदेव म्हणाला, "माह्या खांद्याचा तेवढा तुकडा राहू द्या."

तो फोटो घेऊन तो स्वतः कोकणात गेला. परत येऊन त्यानं सांगितलं. म्हातारीनं फोटो पाहिला, रडली नाही. त्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो खांदो कोणाचो?"

हा म्हणाला, "माहा."

"मगे बस. जेव."

जहाजाचं नावही त्यानं तेव्हाच सांगितलं. आसपास कुठं समुद्र नाही अशा एका शहराचं नाव होतं. भागीरथीबाई म्हणाली, "मंग आमच्या गावाचं काहून नाही ठेवलं?"

तर मंजू, धंद्यातली गोष्ट एवढीच. माणूस नको असला तर झाकावा. झाकलेला ओल्या बोळ्यानं परत येतो, कापलेला येत नाही. दुर्गाकाकूवर हवं तर कागदाची पट्टी लाव. कडेला तिचा हात कोणाच्या पाठीवर आहे, तेही एकदा बघून घे.

उद्या मुंबईला निघशील. तिथं तुझ्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणतेस. मी काही तो अजून पाहिला नाही, सुलटा. प्लेट माझ्यापाशीच आहे, सगळा रंग पुसून ठेवलेली. पण आता डोळे साथ देत नाहीत, कोणी धरून दाखवावी लागते. दिवाळीची वाट नको पाहू. लवकर ये, आणि ऊन असताना ये. उन्हाशिवाय त्यातलं कोणी दिसत नाही.