देवदूतबाई

परवा दिग्रसला जिनिंग कारखान्याजवळ नव्या कापसाचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या, चर्चमधल्या नाताळच्या नाटकात पोहोचले.

मी नऊ वर्षांची देवदूत, पाठीला कापसाचे पंख. घाबरलेल्या मेंढपाळांना ‘भिऊ नका’ एवढंच म्हणायचं होतं. नेमकं तेच विसरले! पुढच्या रांगेतली पोरं खुसखुसायला लागली.

तेवढ्यात कापसाची दाढी लावलेला मेंढपाळ, म्हणजे माझे पप्पा, धाडकन माझ्या पाया पडले.

“देवदूतबाई, लय भेव लागून राह्यलं आम्हाले! भिऊ नका म्हना ना!”

अख्खं चर्च हसून लोळलं. मी ठणकावलं, “भिऊ नका!”

माझा सीन खाल्ला म्हणून पप्पांवर मी आठवडाभर रुसले होते. आज कळतं, सगळे मलाच हसणार होते. पप्पांनी ते हसू स्वतःकडे ओढून घेतलं.