एक तांब्या विहिरीचं पाणी

घर कसं पाहावं हे आमच्याकडे एकाच माणसाला कळत होतं. माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला. ते सरकारी ओव्हरसियर. हातातला किल्ल्यांचा जुडगा भिंतीवर ठोकायचे आणि मान डोलवायचे. भिंत त्यांना काय सांगायची देव जाणे, पण माझा नवराही त्यांच्याकडे बघून तशीच मान डोलवायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शहरातल्या महाल वस्तीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो आणि स्वतःचं पहिलं घर घ्यायचं ठरलं होतं. नंदनवनच्या बाजूला एक बांधलेलं घर विकायला होतं. भासऱ्यांनी सागवानी दारं पाहिली, फरशी पाहिली, गल्लीत ट्रक वळेल का तेसुद्धा पाहिलं. आमच्याकडे एक सायकल होती. नळ तिकडे अजून पोचला नव्हता, अंगणात विहीर होती. तिच्यात वाकून ते म्हणाले, "भरपूर आहे," आणि पुढे गेले. पाणी रांधायला लागतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी मात्र मालकिणीची भांडी पाहिली. सगळ्यांना आतून पांढरा थर बसलेला होता.

पण सांगणार कसं? भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भिंतींशी त्यांचं बोलणं व्हायचं, माझ्याशी नाही. मग मी सोबतचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या अंगणात ओतला आणि विहिरीच्या पाण्यानं भरून घरी आणला.

एकाच डब्यातली तुरीची डाळ दोन पातेल्यांत लावली. कुकर तेव्हा नव्हता. नळाच्या पाण्यातली तासाभरात लोण्यासारखी झाली. दुसऱ्या पातेल्यातले दाणे दोन तासांनीही सुटे सुटेच होते. संध्याकाळी भासरे इसाराचा दिवस ठरवायला आले, तेव्हा तेच वरण त्यांच्या ताटात वाढलं.

"कच्चं आहे," ते नवऱ्याला म्हणाले. "डाळ शिजवता येत नाही, अन् घर घ्याले निघाली."

"दादा, हे त्या विहिरीचं पाणी आहे." नवऱ्याला मी आधीच पढवून ठेवलं होतं.

"घर काय वरणासाठी घेते गा कोणी?"

आम्ही ते घर घेतलं नाही. एवढं पक्कं बांधकाम हातचं जाऊ नये म्हणून भासऱ्यांनी स्वतःच घेतलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. खा म्हटलं जन्मभर कच्चं वरण. जावेला मी एका शब्दानं बोलले नाही. तिला त्यांनी घर दाखवायलाही नेलं नव्हतं, फक्त सामान बांधायला सांगितलं.

वर्षभरानं दोन गल्ल्या सोडून आम्हाला कवेलूंच्या छपराचं लहान घर मिळालं. विहीर गोड्या पाण्याची. तेव्हापासून रोज सकाळी जाऊ कमरेवर पितळी गुंड घेऊन आमच्या दारात. एक गुंड घरी रिकामा करायची आणि दुसऱ्यासाठी परत यायची. असं सहा वर्षं चाललं. भासरे रविवारी यायचे, आमच्या भिंतीवर किल्ल्या ठोकायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, "उगाच भेले तुम्ही. आमच्या घरी वरण पाहाय कसं होते ते." त्या पाण्याला पाय असतात हे त्या ओव्हरसियरला सहा वर्षांत दिसलं नाही.

एका उन्हाळ्यात जाऊ विहिरीच्या काठावर टेकली. "तुले माहीत होतं ना वं, पाण्याचं?"

"भासऱ्यांपुढे बोलता येत नव्हतं."

"मले तर सांगता आलं असतं."

ती पहिला गुंड घेऊन गेली. दुसरा मी उचलला आणि तिच्यामागून गेले. भासरे पडवीत बसले होते. पदर खांद्यावरच राहू दिला आणि गुंड त्यांच्या पायाशी ठेवला.

"हे तुमच्या वरणाचं पाणी. सहा वर्षांपासून जाऊबाई आमच्या विहिरीवरून वाहून आणून राहिल्या."

त्यांच्याशी माझं ते पहिलंच बोलणं. त्यांनी गुंडाकडे पाहिलं, मग आत वळून जावेला विचारलं, "काहून वं, एवढंसं पाणी तुले स्वतः आणता येत नाही काय?"