कुणाच्या सांगण्यावरून?

आमच्या ह्यांना विद्यार्थी मागून ‘तळटीप सर’ म्हणायचे. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी हे आधी दोन्ही बाजू मांडायचे. चर्चचे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात ह्यांनी जन्मभर हिब्रू आणि ग्रीक शिकवलं. पवित्र शास्त्रातल्या चार अध्यायांच्या एका छोट्याशा पुस्तकावर वर्षानुवर्षं भाष्य लिहीत बसले. मूळ लिहिणाऱ्यानं ते एका दुपारी हातावेगळं केलं असेल, असं मी म्हणायचे. शब्दकोश सरकवल्याशिवाय आमच्या टेबलावर ताट ठेवता यायचं नाही. पण वर्गात ऐट म्हणून नव्हती. कुणी अवघड काही विचारलं की खडू खाली ठेवून सरळ म्हणायचे, “मला माहीत नाही. शोधू या.”

आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही. ज्याचं त्यानं कळत्या वयात, स्वतःहून मागायचं, आणि हौदात उतरून पुरतं पाण्याखाली जायचं. चर्चमधल्या व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली तो हौद. बाप्तिस्मा द्यायला बहुतेक वेळा हेच उतरायचे, आणि त्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, “कुणाच्या सांगण्यावरून आलास का?” एका डॉक्टरांच्या मुलानं खाली मान घालून “पप्पांच्या” म्हटलं, तर त्याला प्रेमानं परत पाठवलं. डॉक्टरांनी पुढं कितीतरी दिवस आमच्याशी अबोला धरला. ब्लडप्रेशर तपासायला आम्हाला दुसरा दवाखाना शोधावा लागला.

आमची एकुलती एक मुलगी मात्र कधी आलीच नाही. ती इस्पितळात एक्स-रे काढते. “देव फिल्मवर दिसला की कळवते, बाबा,” म्हणायची, आणि हे खो-खो हसायचे. ती निघून गेली की पुन्हा शब्दकोशात डोकं घालायचे. तिनं मागावं, एवढी एकच गोष्ट ह्यांना आयुष्यात हवी होती. तिच्यापाशी तोंडातून ब्र काढला नाही.

मग ह्यांचे हात कापायला लागले. भरल्या कपातला चहा बशीत यायला लागला. पाठीमागे हात धरून माणसाला पाण्यात आडवं करायचं, वर काढायचं म्हणजे हात खंबीर हवेत. तेव्हा एकदाच शेवटचं उतरायचं, असं ठरलं. मी लेकीला फोन करून सांगितलं. त्यात माझं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

ती रविवारी आली. म्हणाली, “बाबा, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. तुमच्या हातून.”

ह्यांनी चष्मा काढला. चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. आणि मग ह्या माणसानं तो प्रश्न विचारला.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला जमत नाही, बापावर गेलीये. “आईचा फोन आला होता. आणि तुमचे हात...”

“मग नको, बाळ,” हे म्हणाले.

ती गेल्यावर मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. “लोकांना परत पाठवता ते पाठवता, पोटच्या पोरीलाही?”

“अगं, मला किती हवं होतं, तुला ठाऊक आहे ना?” हे म्हणाले, आणि माझा हात धरला. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून माझाही.

लेक रागावली नाही. उलट ड्यूटी संपली की यायला लागली. ह्यांना लिहिता येईना, म्हणून हे सांगायचे आणि ती टाइप करायची. ओळीओळीवर हुज्जत घालायची. “हे कशावरून, बाबा?” शेवटचा अध्याय त्या दोघांनी भांडत भांडत पुरा केला. इतक्या आनंदात मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्याच हिवाळ्यात हे गेले.

पुढं दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी लेक दारात उभी. “आई, मोठा टॉवेल घे आणि चल.”

“कुठं?”

“चर्चमध्ये. हौद भरलाय.”

“आणि मला आत्ता सांगतेस?”

“आधी सांगितलं असतं तर तू ‘जा’ म्हणाली असतीस. मग तुझ्या सांगण्यावरून आले, असं झालं असतं.”

आमचे हल्लीचे पाळक म्हणजे ह्यांचेच विद्यार्थी. तिच्याशी त्यांचं सगळं आधीच बोलून झालं असणार. तरी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, साऱ्या मंडळीसमोर त्यांनी तोच प्रश्न विचारला, सरांच्याच शब्दांत.

“नाही,” लेक म्हणाली. “ज्यांच्या सांगण्यावरून आले असते, त्यांनी नको म्हटलं होतं.”

 पाण्यात उभ्या उभ्या पाळक डोळे पुसत राहिले. शेवटी तिनंच त्यांचा हात धरला आणि आपल्या पाठीमागे नेऊन ठेवला.